कपडेपटात रोबो शिल्लक नव्हता

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी वीस वर्षे काढली आणि त्या वीस वर्षांत एकदाही उजेडात आलो नाही. माझे काम पडद्यामागचे. नायिकेने ट्रे आणला की कपात काहीतरी असावे, नायकाने दार लोटले की दाराबरोबर भिंतही आत जाऊ नये, आणि खलनायकाने पिस्तूल रोखले की विंगेतला फटाका निदान त्याच सुमारास वाजावा, एवढेच पाहायचे. हे तिन्ही एकाच प्रयोगात जमून आले, असे दोनदा झाले. दुसऱ्या वेळी नाटकात पिस्तूल नव्हते.

एका वर्षी आम्ही बालनाट्य बसवले. त्यात सिंह होता. म्हणजे संहितेत होता, कपडेपटात नव्हता. भाड्याने पोशाख देणारे गृहस्थ वहीतून मान वर न करता म्हणाले, "सिंह गॅदरिंगला गेलाय. अस्वल आहे. नेता का?" आम्ही नेले. रात्री अकरा वाजता लेखकाच्या घरी जाऊन त्याच्याकडून सिंहाचे अस्वल करून घेतले. गडी रडकुंडीला आला, कारण दोन गाण्यांत 'वनराज' होता आणि अस्वलाला वनराज म्हणायला त्याची लेखणी धजेना. शेवटी 'वनमित्र'वर तडजोड झाली. त्यात सबंध नाटकाचा अर्थ उलटा झाला, पण पोशाखाचे भाडे वाया गेले नाही.

आपण त्या रात्री कच खाल्ली, हे मला फार उशिरा कळले. 'रोबो मॉन्स्टर' नावाचा अमेरिकन सिनेमा पाहिला तेव्हा.

1953 सालचा हा कृष्णधवल सिनेमा. दिग्दर्शक फिल टकर, वय पंचविशीच्या आसपास. खर्चाचा जो आकडा सांगितला जातो तो साधारण 16 हजार डॉलरचा, आणि चित्रीकरणाचे दिवस चार. त्याच वर्षी हॉलिवूडच्याच एका बड्या स्टुडिओने परग्रहवासीयांच्या हल्ल्यावर 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' काढला. त्याला वीस लाखांच्या आसपास खर्च आला आणि करामतीच्या दृश्यांसाठी ऑस्करही मिळाले. म्हणजे एका 'वॉर'च्या पैशात सव्वाशे 'रोबो मॉन्स्टर' निघाले असते. ते निघाले नाहीत, हे जगाचे भाग्य की दुर्दैव, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत.

तर टकरच्या गोष्टीत एक यंत्रमानव होता. परग्रहावरून आलेला, निर्विकार, गणिती डोक्याचा, पोलादी वगैरे. टकरने चौकशी केली. यंत्रमानवाचे पोशाख बाळगून असणारे लोक त्याच्या ओळखीचे होते, पण त्यांचे दर ऐकून तो माघारी आला. मग त्याला जॉर्ज बॅरोज आठवला. या बॅरोजचा धंदा गोरिला होण्याचा. हॉलिवूडमध्ये कुठेही गोरिला लागला की बॅरोजला बोलावणे जायचे, कारण त्याच्याकडे स्वतःचा, घरचा, केसाळ पोशाख होता. टकरनेच नंतर सांगितले आहे की या कामाचे बॅरोजला दिवसाला चाळीसेक डॉलर मिळत, पण आपल्यासाठी तो फुकटही उभा राहील याची त्याला खात्री होती. उरला प्रश्न यंत्राचा. त्यासाठी गोरिलाच्या डोक्याच्या जागी पाणबुडे घालतात तसले गोल शिरस्त्राण बसवले आणि त्यावर टीव्हीच्या अँटेनासारख्या दोन काड्या खोचल्या. झाला यंत्रमानव.

इथे टकर आणि मी वेगळे झालो. मी लेखकाला झोपेतून उठवले. टकरने कोणालाही उठवले नाही. संहितेत यंत्रमानव होता, तो यंत्रमानवच राहिला. सिनेमाच्या नावात 'रोबो' होते, तेही राहिले. पात्राचे नाव रो-मॅन होते, तेही बदलले नाही. मानेच्या वर पाणबुड्या, मानेखाली वानर आणि पात्रपरिचयात यंत्र, असा तो उभा राहतो आणि सिनेमातले एकही माणूस त्याच्या केसांबद्दल चकार शब्द काढत नाही. अस्वलाला भर रंगमंचावर 'वनराज' म्हणायला जी छाती लागते ती त्या पोराकडे होती.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो नातवाबरोबर, रविवारी दुपारी. नातू नऊ वर्षांचा. ही शेजारी बसून मेथी निवडत होती. तिला सिनेमाशी कर्तव्य नव्हते, पंख्याशी होते. पाचेक मिनिटांत नातवाने विचारले,

"आजोबा, रोबो कधी येणार?"

"अरे, हाच रोबो."

"हे माकड आहे."

"माकड नाही, गोरिला."

"मग रोबो कुठंय?"

मेथीच्या जुडीमागून ही म्हणाली, "त्याला सांगा की तो भाड्याने मिळाला नाही." वीस वर्षे तिने माझ्या तालमींच्या वेळा सोसल्या आहेत. तिला न सांगता कळते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ती तशीही थोडक्यातच आहे. रो-मॅनने किरण सोडून पृथ्वीवरची सगळी माणसे मारली आहेत. उरली आठ. त्यांत एक प्रोफेसर, त्यांची बायको, मोठी मुलगी ॲलिस, धाकटा जॉनी, त्याहून धाकटी कार्ला आणि प्रोफेसरांचा मदतनीस रॉय. सगळ्या रोगांवर चालणारी एक लस प्रोफेसरांनी शोधली होती, तिच्यामुळे हे लोक किरणांनाही पुरून उरले. राहिलेले दोघे पडद्यावर येतच नाहीत. त्यांचे काय झाले ते आपल्याला बोलण्यातूनच कळते. नट न घेता पात्रे वाढवण्याची ही युक्ती आम्हीही वापरायचो. आमच्या प्रत्येक नाटकात एक काका मुंबईला असत आणि शेवटपर्यंत मुंबईलाच राहत.

हे कुटुंब एका पडक्या घराच्या जोत्यावर संसार मांडून आहे. छप्पर नाही. भोवती विजेच्या तारांचे कुंपण, त्यामुळे रो-मॅनला त्यांचा पत्ता लागत नाही. ज्याने अख्खे जग बुडवले त्याला डोंगराखालचे बिनछपराचे घर सापडत नाही. नातवाने इथे हरकत घेतली. मी म्हटले, नेपथ्याला पैसे कमी पडले की जोतेसुद्धा किल्ला मानावे लागते. तो म्हणाला, "पण ते दिसतंय ना सगळं." त्याचे खरे होते. सगळेच दिसत होते.

रो-मॅनचे ऑफिस गुहेत आहे. एक साधे लाकडी टेबल, त्यावर युद्धातून उरलेल्या, मोडीत निघालेल्या सामानातले वाटावे असे रेडिओयंत्र आणि त्याच्या शेजारी साबणाचे बुडबुडे सोडणारे मशीन. बुडबुडे का, याचा सिनेमात कुठेही खुलासा नाही. रो-मॅन हेड ऑफिसशी बोलू लागला की बुडबुडे, धमकी देऊ लागला की बुडबुडे. मात्र सुरुवातीच्या श्रेयनामावलीत या यंत्राचे नाव, त्याच्या कंपनीच्या नावासकट, ठसठशीत दिलेले आहे: 'ऑटोमॅटिक बिलियन बबल मशीन'. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. वीस वर्षांत आमच्या जाहिरातीत माझे नाव एकदाच आले होते, तेही 'आणि इतर' या शब्दांत.

बुडबुड्यांचे माझ्यापुरते उत्तर मी काढले आहे. हा सिनेमा थ्रीडी होता. 1952च्या अखेरीस 'ब्वाना डेव्हिल' आला, तिथून हॉलिवूडला थ्रीडीचे वेड लागले आणि पुढची दोनेक वर्षे जो तो प्रेक्षकांच्या अंगावर काहीबाही फेकू लागला. मोठ्या स्टुडिओंनी भाले फेकले, दगड फेकले. टकरकडे साबणाचे पाणी होते. 'छोटा चेतन'च्या वेळी थिएटरात चष्मा लावून समोरच्या हवेतले आइस्क्रीम धरायला ज्यांनी हात पुढे केला, त्यांना हे समजावून सांगायला नको. बुडबुडा पडद्यातून निघून तुमच्या नाकाशी येतो आणि फुटतो. आज घरी सपाट पडद्यावर बघताना तो नुसताच फुटतो, आणि आपल्याला वाटते की कपडे धुवायला टाकून कोणीतरी विसरले.

पण थ्रीडीचे काम अगदी चोख होते, हे नमूद करायला हवे. लोकांचा समज असतो की तेव्हाचे थ्रीडी म्हणजे लाल-निळ्या कागदाचा चष्मा. तसे नव्हते. दोन डोळ्यांसाठी दोन वेगळ्या चित्रफिती, त्या एकाच वेळी चालवणारे दोन प्रोजेक्टर आणि प्रेक्षकांना राखाडी काचांचा ध्रुवीकरणाचा चष्मा. म्हणजे चार दिवसांत, उसन्या वानराबरोबर, हे लोक प्रत्येक दृश्य दोन-दोन डोळ्यांनी टिपत होते. 2023 साली या सिनेमाला सत्तर वर्षे झाली तेव्हा थ्रीडी सिनेमांचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने तो घासूनपुसून पुन्हा त्रिमितीत आणला. ज्या सिनेमांनी 1953 साली बरी समीक्षा मिळवली, त्यांतल्या कितीकांच्या वाट्याला हे आले असेल?

'बी' या अक्षराचेही जरा सांगायला हवे, कारण आपल्याकडे 'बी ग्रेड' म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी दार लावून घेतात. मुळात ती प्रत नव्हती, जागा होती. 1930च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा तो पहिला, म्हणजे ए. जोडीला दिलेला छोटा तो बी. ए सिनेमाच्या गल्ल्यातला टक्का स्टुडिओला मिळायचा. बी मात्र ठरलेल्या भाड्याने जायचा. तो चालला काय, पडला काय, भाडे तेवढेच. अशा व्यवहारात सिनेमा उत्तम करण्यापेक्षा वेळेत आणि ठरल्या पैशात करण्याला किंमत येते. 1948 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्टुडिओ आणि थिएटर यांची फारकत करायला लावली आणि मोठ्यांनी हळूहळू बीचा नाद सोडला. ती रिकामी जागा भरायला किरकोळ निर्माते धावले. मोटारीत बसून सिनेमा पाहायची मैदाने वाढत होती, तरुण पोरे गाड्या घेऊन यायची, आणि गाडीतल्या पोरांचे पडद्याकडे किती लक्ष असते हे निर्मात्यांना पक्के माहीत होते. आपणही या पंगतीत मागे नव्हतो. दारासिंग 1967 सालीच 'चाँद पर चढाई' करून आले. नील आर्मस्ट्राँग त्यांच्यानंतर दोन वर्षांनी पोचला.

पुन्हा रो-मॅनकडे येऊ. मला त्याच्यात सर्वांत जवळची वाटते ती त्याची नोकरी. तो बिचारा बदलीवर आलेला शाखाधिकारी आहे. त्याचा वरिष्ठ, म्हणजे 'ग्रेट गाइडन्स', पडद्यावर प्रकट होतो आणि हिशेब मागतो. रो-मॅन म्हणतो, काम पूर्ण, सर्व मानव नष्ट. साहेब म्हणतात, तुझ्या आकड्यात चूक आहे, आठ शिल्लक आहेत. अब्जावधींमागे आठ! कुठल्याही ऑफिसात एवढी तफावत कोणी काढत नाही. पण साहेब तो साहेबच. नातवाने दाखवून दिले की साहेबही गोरिलाच आहे. पोशाख तोच आणि आतला बॅरोजही तोच. सबंध सिनेमात वरिष्ठ आणि कनिष्ठ एकमेकांना झापतात तेव्हा एकच माणूस आधी इकडे उभा राहून ऐकून घेतो आणि मग तिकडे जाऊन बोलतो. आवाज दोघांनाही जॉन ब्राउन या रेडिओवरच्या नटाचा. बॅरोजने नुसते हात हलवायचे. शिरस्त्राणात चेहरा दिसत नाही, त्यामुळे राग, लोभ, प्रेम, संशय, सगळे खांद्यांवरच भागवायचे. आमच्याकडे असा एक नट होता, त्याला चेहरा असूनही हेच करावे लागायचे.

आणि चालणे. या सिनेमात रो-मॅन इतका चालतो की वारीत याला सहज घेतील. गुहेतून निघतो, टेकडी उतरतो, खाली कोणी सापडत नाही, मग पुन्हा टेकडी चढतो, कारण साहेबांशी बोलायचे यंत्र गुहेतच आहे. हे सगळे कॅमेरा इमानेइतबारे दाखवतो. सिनेमा तासाभराच्या जेमतेम पुढे जातो; त्यातले चालणे वगळले तर तो जाहिरातीच्या लांबीत बसेल. पण मला त्या चालण्यात दुसरेच काही दिसत राहिले. केसाळ पोशाख, डोक्यावर टोप, पायाखाली सुटी खडी, आणि आत एक घामाघूम मध्यमवयीन माणूस, जो मित्राच्या शब्दाखातर चढतो आहे. गोष्टीतला राक्षस जग संपवायला निघालेला असतो आणि त्याच वेळी आतल्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून मी सोफ्यावर मूठ आवळून बसलेला असतो.

माझ्या मते या सिनेमाची गंमत इथे आहे. चांगला सिनेमा एका तिकिटात एकच असतो. त्याची शिवण आतल्या बाजूला असते. असल्या सिनेमात शिवण वर आलेली असते. त्यामुळे एकाच पडद्यावर दोन गोष्टी चालतात. एक जगाच्या अंताची, ती अगदीच बेताची. दुसरी चार दिवसांत, 16 हजारांत जगाचा अंत उरकायला निघालेल्या लोकांची. तिच्यात ताण आहे, धाडस आहे, पुढे काय होईल याची धाकधूक आहे. जन्मभर विंगेत उभे राहिल्यामुळे मला बहुधा दुसरीच आधी दिसते.

ती गुहा लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनमधली. एके काळी तिथे दगडाची खाण होती. शहराच्या बांधकामाला खडी काढता काढता डोंगरात बोगदा पडला. हॉलिवूडपासून हाकेच्या अंतरावर, भाडे बेताचे आणि दिसायला अगदी चंद्र किंवा मंगळ. पुढे बॅटमन मालिकेतली त्याची मोटार ज्या गुहेतून सुसाट बाहेर पडते, ती हीच. म्हणजे नेपथ्य चांगले असले तर भूमिका मिळत राहतात.

या सिनेमात डायनोसॉरही आहेत. का आहेत, ते विचारू नका. नातवाने विचारून पाहिले. शेवटाकडे साहेब चिडून पृथ्वीवर प्राचीन सरडे सोडतात आणि एकदम अवाढव्य प्राण्यांची झुंज सुरू होते. ही दृश्ये टकरची नव्हेत. 1940च्या 'वन मिलियन बी.सी.' या सिनेमात खऱ्याखुऱ्या सरड्यांना आणि एका मगरीला पाठीवर माशासारखे पर चिकटवून लढवले होते. त्या चित्रफिती पुढे कितीतरी सिनेमांनी विकत घेऊन वापरल्या. त्या बिचाऱ्या सरड्यांचे हाल पाहवत नाहीत, हे आधी सांगतो. पण हिशेबाने पाहिले तर त्या सरड्यांइतके काम त्या काळात फार थोड्या नटांना मिळाले. काही प्राणी 1951च्या 'लॉस्ट कॉन्टिनेन्ट'मधून आणले आहेत. ते बाहुल्या हलवून केलेले, त्यामुळे एका तुकड्यात खरा सरडा आणि पुढच्यात खेळण्यातला ट्रायसेराटॉप्स. सत्यनारायणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरून ताटे आणतात तसे. प्रत्येकावर नाव वेगळे, पण पंगत एक.

मध्येच मला एका गोष्टीने दचकायला झाले. गोरिला टेकडी चढत होता आणि मागे वाजणारे संगीत चांगले होते. चांगले म्हणजे खरोखर चांगले. ही सुद्धा मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "हे कुणाचं?" ते एल्मर बर्नस्टीनचे होते. 'द टेन कमांडमेन्ट्स', 'द मॅग्निफिसन्ट सेव्हन', 'द ग्रेट एस्केप' यांचे संगीत देणारा आणि पुढे ऑस्कर मिळवणारा तोच हा. तो या गुहेत काय करत होता? तर 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम जोरात होती. बर्नस्टीनने एका डाव्या वृत्तपत्रासाठी संगीतसमीक्षा लिहिली होती. तेवढ्यावरून मोठ्या स्टुडिओंची दारे काही काळ बंद झाली. त्या काळात त्याने मिळेल ते काम केले, आणि गोरिलाला संगीत देतानाही हात आखडता घेतला नाही. प्रोफेसरांच्या बायकोचे काम करणारी सेलेना रॉयलही मेट्रो-गोल्डविन-मेयरची नावाजलेली अभिनेत्री होती. तिने चौकशी समितीपुढे जायला नकार दिला, कामे आटली आणि शेवटी ती देश सोडून मेक्सिकोत राहायला गेली. त्या बिनछपराच्या जोत्यावर, फाटक्या कपड्यांत, ती ज्या आबदारपणे घर सांभाळते ते पाहून मला हसू येईना. खोट्या संकटाच्या या सिनेमात निदान दोन माणसे खऱ्या संकटातून आलेली होती.

तर मग प्रेमप्रकरण. यंत्रमानवाला ॲलिस आवडते. साहेबांची आज्ञा, तिलाही मार. रो-मॅन तिला उचलून गुहेत नेतो आणि तिथे त्याला पेच पडतो. तो स्वगत म्हणतो. आशय असा की मारायलाच हवे आणि मारवत तर नाही. आता ही दोन टोके आलेखावर नेमकी कुठे जुळतात? शिरस्त्राणातून आवाज येतो, केसाळ हात वर होतात, अँटेना हलतात. या ठिकाणी सगळे हसतात. मीही हसलो. पण आमच्या नाट्यस्पर्धेत ऐतिहासिक नाटकांतल्या कितीतरी राजांनी कर्तव्य आणि भावना यांवर याहून पुष्कळ वाईट स्वगते म्हटली आहेत आणि त्यांना अभिनयाची पारितोषिके मिळाली आहेत. त्यांच्याकडे जिरेटोप होता, एवढाच फरक.

तिकडे ॲलिसचे रॉयशी लग्नही लागते. जग बुडाले असताना, प्रोफेसरांच्या पौरोहित्याखाली. रॉयचे काम जॉर्ज नेडरने केले आहे आणि त्याने बहुतेक सिनेमाभर सदरा घातलेला नाही. हीच तेवढी मेथीवरून मान वर करण्यासारखी बाब, असे घरातून सांगण्यात आले. रॉयला यंत्रमानवाकडून मरण येते. याच नेडरने पुढे, 1978 साली, 'क्रोम' नावाची विज्ञानकादंबरी लिहिली आणि तिचा विषय काय, तर माणूस आणि यंत्रमानव यांचे प्रेम. त्या टेकडीवरून कोणीच पूर्णपणे परत आले नाही असे दिसते.

धाकट्या कार्लालाही रो-मॅन मारतो. तेव्हा नातू गप्प झाला. तोवर तो माकड, माकड म्हणून ओरडत होता.

समीक्षकांनी पुढे जे करायचे ते केले. 1980 साली वाईट सिनेमांच्या एका गाजलेल्या पुस्तकाने रो-मॅनला पडद्यावरच्या सर्वांत हास्यास्पद राक्षसाचा मान दिला. 1989 मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर 3000' या मालिकेने त्याला टवाळीसाठी घेतले. वाईट म्हणून गाजलेल्या सिनेमांबद्दल लोक म्हणतात की ते जाणूनबुजून तसे केले तर मजा येत नाही. मला ते पटते. आजकाल मुद्दाम शार्क उडवणारे सिनेमे निघतात. ते पाहताना, घरात पाहुणा आपण किती विनोदी आहोत हे सांगत बसावा तसे होते. टकरला कोणाला हसवायचे नव्हते. त्याला रोबो हवा होता, आणि मिळाला गोरिला.

आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने बोलायची राहिली. गोष्टीच्या शेवटी कळते की हे सगळे जॉनीचे स्वप्न. आईबरोबर सहलीला आलेला, अवकाशवीर-अवकाशवीर खेळणारा मुलगा. गुहेत त्याला दोन पुरातत्त्ववाले भेटतात, तो जरा डोळा मिटतो आणि तेच दोघे स्वप्नात प्रोफेसर आणि रॉय होऊन येतात. सुरुवातीची नावे तर चक्क विज्ञानकथांच्या भडक मासिकांवर आणि कॉमिक्सवर छापलेली आहेत. आता आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या स्वप्नात काय येईल? गोरिला येईल, पाणबुड्या येईल, डायनोसॉर येतील, ताईचे लग्न येईल, आणि मधूनमधून साबणाचे बुडबुडे. 20 लाख डॉलर खर्चून हे इतके तंतोतंत जमले नसते.

स्वप्न आहे म्हणताच नातू सैलावला. "म्हणजे काहीच झालं नाही," असे म्हणून तो पाणी प्यायला उठला. तेवढ्यात गुहेच्या तोंडातून रो-मॅन हात पसरून थेट आपल्या अंगावर आला. मग पुन्हा आला. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तोच तुकडा लावलेला आहे. फिल्म उरली नसणार, मी असला प्रसंग ओळखतो. पहिल्या वेळी नातू हसला, दुसऱ्या वेळी थबकला आणि तिसऱ्या वेळी माझ्या मागे येऊन उभा राहिला.

मिळाला तर बघा. तासाभराचा मामला आहे. शेजारी निवडायला काहीतरी भाजी ठेवा, आणि घरातल्या कोणी रोबो कुठे आहे असे विचारलेच, तर तो गॅदरिंगला गेलाय म्हणून सांगा.